मेलेल्या शेळीच्या फोटोवरून डोंगर खोदण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
हिरवे डोंगर योजना कक्ष,
नाशिक.

विषय : मौजे कातळदरा, ता. सुरगाणा येथील वाघदेवाच्या डोंगरावर दि. २० एप्रिलपासून यंत्राने होणारे खोदकाम थांबवण्याबाबत, तसेच माझा माहितीपट शेवटपर्यंत पाहण्याबाबत.

संदर्भ : १) आपला स्थळपाहणी अहवाल, दि. ६ फेब्रुवारी २०२६
२) माझा अर्ज, दि. १६ मार्च २०२६
३) आपले उत्तर, दि. २ एप्रिल २०२६ (शेळीबाबत)

महोदय,

खाली सही करणारी मी शुभांगी खैरनार, राहणार सिडको, नाशिक. लग्नसराईत लग्नांचे शूटिंग करते आणि उरलेल्या वर्षात माहितीपट. कातळदऱ्याच्या लोकांनी उजाड झालेला आपला डोंगर सहा वर्षांत पुन्हा कसा उभा केला, यावर मी सत्तेचाळीस मिनिटांचा माहितीपट केला आहे. तो पाहून इतर गावांनीही आपापले डोंगर राखावेत, एवढाच हेतू होता. त्याच माहितीपटामुळे आता तो डोंगर पुन्हा उजाड होणार आहे, म्हणून हा अर्ज. मागचा अर्ज मी शांतपणे लिहिला होता. त्याचे उत्तर वाचल्यावर हा तसा लिहिता आला नाही आणि त्याबद्दल मी क्षमाही मागत नाही.

१. दि. २० जानेवारी रोजी आपल्या सभागृहात माहितीपट दाखवला गेला. त्यातली पहिली बारा मिनिटे मे २०१९ मधला डोंगर दिसतो. मुरूम, दगड, तोडलेल्या झाडांची खुंटे आणि हंडे घेऊन तीन किलोमीटर चालणाऱ्या बाया. तेराव्या मिनिटाला चहा आला आणि आपण सर्व अधिकारी उठलात. दारात आपण मला म्हणालात, "फारच वाईट अवस्था आहे हो, काहीतरी करायला पाहिजे." मी म्हटले, "साहेब, लोकांनी केलंय. तेच पुढे आहे." परंतु त्यानंतर आपली दुसरी बैठक होती. मंगलाष्टके संपायच्या आत पंगतीकडे धावणारे पाहुणे मी दर हंगामात पाहते, पण लग्न लागलेच नाही असा अहवाल त्यांच्यापैकी कोणी अद्याप दिलेला नाही.

२. आपल्या कक्षाने मात्र सतराव्या दिवशी अहवाल दिला. त्यात सदर डोंगर "पूर्णतः उजाड" असून तेथे यंत्राने अकरा हजार खड्डे खोदून रोपे लावावीत आणि "तत्पूर्वी झुडपी वाढ काढून जागा साफ करावी" असे नमूद आहे. पूर्णतः उजाड डोंगरावर झुडपी वाढ कोठून आली, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडला नाही, तपासणाऱ्याला पडला नाही आणि सही करणाऱ्या आपणासही पडला नाही. ती झुडपी वाढ म्हणजे जुन्या खुंटांना फुटलेले साग, ऐन आणि मोह आहेत. गावाने एकही रोप लावले नाही. गुरे सोडणे बंद केले, ओहोळांत दगडी बांध घातले आणि खुंटे राखली. मुळे जिवंत होती, म्हणून डोंगर आपोआप वर आला. आज तिथला ऐन माझ्या डोक्याच्या वर गेला आहे आणि फेब्रुवारीतच आटणारा पायथ्याचा झरा एप्रिलमध्ये वाहतो आहे. उगवलेले उपटायचे आणि तिथेच रोपे लावायची, याला आपल्या कार्यालयात काय म्हणतात ते मला माहीत नाही. आमच्याकडे याला घातपात म्हणतात.

३. सदर अहवालाला "प्रत्यक्ष पाहणीवेळचे छायाचित्र" जोडलेले आहे. माहितीच्या अधिकारात मिळालेली प्रत घेऊन मी कातळदऱ्याला गेले. तेथील बायडाबाई गावित यांनी कागद उन्हात धरला आणि म्हणाल्या, "ही तं माझी शेळी हाय. डावा शिंग मोडेल हाय. हिला साप चावला, मरून तीन वरसा होतील आता." महोदय, ते छायाचित्र म्हणजे माझ्या माहितीपटातले चौथ्या मिनिटाचे दृश्य आहे. आपला माणूस डोंगरावर गेलाच नाही. त्याने माझाच पडदा पाहून पाहणी केली आणि २०२३ साली मेलेली शेळी २०२६ साली चरायला सोडली.

४. हे मी मागील अर्जात पुराव्यासह कळवले होते. त्यावर आपले उत्तर असे : "छायाचित्रातील शेळी तीच असल्याबाबत व ती मयत असल्याबाबत सक्षम प्राधिकाऱ्याचा दाखला सादर करावा, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल." मी हे बायडाबाईंना वाचून दाखवले. त्या हसल्या नाहीत. "आमचे घरच्याचा मेल्याचा दाखला काढाया दीड वरीस गेला," त्या म्हणाल्या, "शेळीचा कवा गावंल?" सुरगाण्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही मी विचारून आले. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती आपल्या वाट्याची होती. डोंगर उजाड असल्याला एक फोटो पुरला. तो हिरवा असल्याला मात्र पंचवीस घरांचे गाव, वाहता झरा आणि पस्तीस मिनिटांचे चित्रण पुरत नाही.

५. त्याच पाकिटात दुसरे पत्र होते. ५ जून रोजी योजनेच्या शुभारंभाला "पर्यावरण जनजागृतीतील योगदानाबद्दल" शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार ठरला असून माझा माहितीपट तिथे "वेळेअभावी पहिली दहा मिनिटे" दाखवला जाणार आहे. सत्कार मला नको. त्या शालीची घडीसुद्धा मोडू नये.

६. आता माझी चूक सांगते, कारण ती आपल्या चुकीइतकीच खरी आहे. माहितीपटाची दृश्ये जोडत असताना गावातील देवराम भोये मला म्हणाले होते, "ताई, उघडा डोंगर आधी नको दाखवू. पाहुण्याला कोनी आधी फाटका सदरा दाखवतं का?" मी ऐकले नाही. आधी जखम दाखवली नाही तर भरलेली जखम कळणार नाही, असे मी त्यांना शहाणपणाने समजावले. परवा त्यांनी खोदकामाचे पत्र पाहिले आणि नीट घडी घालून मला परत दिले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. मला त्यांच्यासमोर उभे राहण्याची लाज वाटते, साहेब.

कातळदऱ्यात दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला दरवर्षी सगळे गाव वाघदेवाच्या दगडापुढे जमते. वर्षभरात ज्याने राखलेल्या डोंगरावर गुरे घातली असतील किंवा कुऱ्हाड लावली असेल, त्याने स्वतः पुढे होऊन ते सांगायचे, असा तिथला नेम आहे. कोणी विचारत नाही, कोणी नाव घेत नाही. सहा वर्षांत मी तिथे म्हातारे, पोरे, एकदा तर खुद्द सरपंच पुढे होताना पाहिले आहेत. दाखला कोणी मागत नाही.

तरी विनंती की, सोमवार दि. २० रोजी येणारी यंत्रे थांबवावीत, अहवाल रद्द करावा आणि आपण स्वतः डोंगरावर यावे. जीप वरपर्यंत जात नाही, शेवटचा अर्धा तास चालावे लागेल. येणे जमणार नसेल तर माहितीपट तेराव्या मिनिटापासून पाहावा. चहा त्याआधी घ्यावा.

यातले काहीच झाले नाही आणि यंत्र चढले, तर येत्या वाघबारशीला मला त्या दगडापुढे जाऊन सांगावे लागेल की या वर्षी डोंगराला कुऱ्हाड लागली आणि ती वाट दाखवून मी आणली. मी ते सांगेन. माझे सांगून झाल्यावर पुढे येण्याची पाळी आपली असेल. आपले नाव तिथे कोणी घेणार नाही, सगळे गाव फक्त वाट पाहील.

आपली नम्र (रिवाजापुरती),
शुभांगी खैरनार
नाशिक, दि. १० एप्रिल २०२६

सोबत :
१. माहितीपटाची प्रत, तेराव्या मिनिटावर खूण करून.
२. अहवालातील छायाचित्र व चौथ्या मिनिटाचे दृश्य, शेजारी शेजारी.
३. पंचवीस घरांच्या सह्या व अंगठे.
४. मयत शेळीच्या गळ्यातील घंटी, एक नग. दाखल्याऐवजी स्वीकारावी. बायडाबाईंना परत हवी आहे.
५. झऱ्याचे पाणी, एक बाटली, दि. ९ एप्रिल रोजी भरलेले. फाईलला लावता येणार नाही, प्यावे.