टिल्लूचा सिनेमा

दि. ११, रविवार

चि. टिल्लूस आईचे अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. लॉन्ड्रीत अजून इस्त्रीवरच आहे, हॉस्पिटलच्या चादरी काही संपत नाहीत. काल सुट्टी टाकून तुझा सिनेमा पाहिला. एकटीच गेले होते.

काय सांगू तुला! भिंतीएवढा पडदा आणि त्यावर तू. म्हणजे तो नट, पण पाय टाकायची ढब थेट तुझी. तुला ठोसा बसलेला बघवणार नाही म्हणून तुझी एकही लढत मी कधी पाहिली नाही. काल मात्र डोळे मिटायचे राहूनच गेले. एवढा मार खाऊन माणूस पुन्हा उठतो? तू जिंकलास तेव्हा अख्खं थिएटर उभं राहिलं, माझ्या अंगावर काटा आला. हे पोर माझ्या पोटचं, यावर माझाच विश्वास बसेना.

एक मात्र खटकलं. सिनेमातल्या लहानग्या टिल्लूच्या बनियनला भोक होतं. गरिबी होती, पण फाटकं बनियन घालून मी तुला कधी बाहेर पाठवलं होतं का रे?

आणि तो लेखक! घरी आला तेव्हा दोनदा चहा पाजला, तरी पठ्ठ्याने मला सिनेमात मध्यंतराआधीच मारून टाकलं. तेही खोकून खोकून. मला साधी सर्दी होत नाही. असो, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात.

मी त्याला फोन केला, तर म्हणाला, "मावशी, चॅम्पियननी स्वतः वाचून होकार दिलाय." मग मी फोन ठेवून दिला. बॉक्सिंग सोड म्हणून मी हटून बसले होते, तेव्हा दार आपटून जाताना तू म्हणालास, "आजपासून मला आई नाही." रागात माणूस काहीही बोलतो, असं मी धरून चालले होते.

पण टिल्लू, पडद्यावर मी गेल्यावर तू केवढा रडलास रे! माझे पाय धरून, हमसून हमसून. शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "असा मुलगा मिळायला नशीब लागतं. बिचारीला बघायलाच मिळालं नाही." मी म्हटलं, "हो ना." आणखी काय म्हणणार?

ते रडणं लेखकाच्या मनचं होतं की तू सांगितलेलं, एवढंच मला कळायला हवंय. तू सांगितलेलं असेल, तर पत्र लिहीत बसू नकोस, ये. त्यासाठी मी खरंच मरायची वाट बघू नकोस. रविवारी मी घरीच असते.

अजून इथेच असलेली,
तुझी आई