विहिरीवरची बाभूळ

भूषण,

मांजरीला घेऊन मी जळगावला जनावरांच्या डॉक्टरकडे निघालेय. तू फावड्याचा दांडा घातलास त्यात तिचा जबडा फुटलाय, एक डोळा गेलाय. मी परत येईन तेव्हा समोर येऊ नकोस. थोरली बहीण आहे, माझा हात आवरणार नाही.

तिने सुगरणीची दोन पिल्लं धरली, ते मीही पाहिलं. "पाखरं हीच संपवते," म्हणत तू तिला अंगणभर बदडलंस. पण पिल्लं जमिनीवर आली कशी? केळीची एक ओळ वाढावी म्हणून विहिरीवरची बाभूळ परवा तूच जेसीबीने पाडलीस, लटकलेल्या तीस-चाळीस घरट्यांसकट.

मोटर लावू नकोस. सकाळी लावली तर पाणी चढेना, घरट्यांचं गवत विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाला, फुटव्हॉल्व्हला गुंडाळलंय. बादली सोडली तेव्हा चार घरटी वर आली. प्रत्येकात पिल्लं, बुडून फुगलेली. ओट्यावर घमेल्यात ठेवलीत, बघ. बाकीची तू स्वतः उतरून काढ.

भाकरी टोपलीत आहे, घशाखाली उतरली तर खा.

मांजर विहिरीत उतरत नाही, भूषण.

अक्का