तिने पाहिलेला काळा तापस

१२ जुलै
तलावावर गेलो. कुमुद गेल्यानंतरचा पहिला पावसाळा. खाकी शर्ट घातला, सरोजिनी मार्केटमधून तिने आणलेला. पक्षी बघायला पांढरं घातलेलं तिला चालायचं नाही. पाणकणसांत जांभळ्या पाणकोंबड्या, एक खंड्या. काळा तापस, तो वेतात लपणारा बगळ्यासारखा पक्षी, नाही.

१९ जुलै
नाही.
नियम कु.चाच. पक्षी दोघांना दिसला तरच 'दिसला' म्हणायचं. गेल्या पावसाळ्यात मी पार्कच्या गेटवर चहा आणायला गेलो, तेवढ्यात तिला तापस दिसला. इतक्या वर्षांत गाझियाबादेत पहिल्यांदा. मी येईतो उडून गेला. "अहो, तुमचा राहिलाय," म्हणाली, आणि आमच्या यादीत धरला नाही. पुढे हॉस्पिटलच सुरू झालं.
मला दिसला की तिचाही धरता येईल.

२६ जुलै
मीनल आली होती. "बाबा, आईने बघितला ना? बस. धरून टाका. कोण चेक करणार आहे यार?"
म्हटलं, नियम आहे.
"नियम बनवणारी मोठी कडक होती, अच्छा," म्हणाली आणि किचनमध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

३ ऑग.
तलावावर रोज फिरायला येणाऱ्या चड्ढा मॅडमना कसं कोण जाणे कळलं. "भाईसाहब, ओखला की बर्ड सैंक्चुअरी में सबको दिख रहा है. मेरी गाड़ी में चलिए, आधे घंटे का काम है."
नको म्हटलं. कु.ने इथला पाहिलाय.
"आप मराठी लोग भी ना! परिंदे का भी राशन कार्ड देखोगे?"
हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

९ ऑग.
पाऊस. गेलो नाही. दिवसभर चुकल्यासारखं.
दिसला की तिचा-माझा हिशोब पूर्ण. मग पहाटे उठून कुणासाठी

१७ ऑग.
आज संध्याकाळी गेलो. चड्ढा मॅडम बांधावर होत्या, त्यांनीच आधी पाहिलं. "वो बैठा है! सूखे डंठल के पास, काला वाला. जल्दी!"
कोरडा देठ मला दिसत होता. त्याच्या शेजारी काहीतरी काळं, मान ताठ. तापसाच्या मानेला पिवळा पट्टा असतो, तो दुर्बिणीशिवाय कळणं शक्य नाही. दुर्बीण हातात होती.
"लगाइए ना!"
लावली नाही. का ते लिहिता येत नाही. तो तसाच बसून राहिला, मग उडाला, पाण्यावरून खाली खाली, तलावाच्या पलीकडच्या भिंतीकडे.
"देखा?"
"ठीक से नहीं," म्हटलं.
 मॅडम गेटपर्यंत सोबत आल्या.
मीनलचा फोन. "दिसला?" अजून नाही म्हटलं. आवाज जरा जास्तच मोकळा निघाला असावा, कारण ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ठीक आहात ना?"
उद्या सकाळी भिंतीच्या बाजूने जाऊन बघतो.