आईच्या बारा सह्या

१० जानेवारी, शनिवार
आजपासून टॅक्स प्लॅनिंग. अख्ख्या ऑफिसात टॅक्सची कलमं समजणारा मी एकटाच. बाकीचे आमचा बिल-क्लर्क देवानंद दाखवेल तिथं सही ठोकून मोकळे.
आईला सांगितलं, कवळी मार्चनंतर. प्लॅनिंगच्या मधात बावीस हजारांचा खर्च बसत नाही. विनोदिनी म्हणाली, आई दोन महिन्यांपासून भाकर वरणात कुस्करून खाऊन राह्यल्या. मी म्हणालो, पचायला हलकी जाते. त्यावर ती उठूनच गेली. बायकोला अर्थशास्त्र कळत नाही.

१८ जानेवारी, रविवार
सुचलं! घर आईच्या नावावर. मंजे मी भाडेकरू. टॅक्स वाचवायला महिन्याला आठ हजार भाडं दाखवायचं. द्यायचं नाही, दाखवायचं. काय डोकं आहे आपलं!
बारा पावत्या इंग्रजीत टाइप केल्या. आईनं विचारलं, काऊन रे चिंतामणी, कायचे कागद हायेत? पेन्शनचे, म्हणालो. तिनं बाराही सह्या केल्या. चौथीवर जरा थांबून माझ्याकडं पाहिलं. पेन अडला असेल.

२५ जानेवारी
आमच्या लेकीनं, अश्लेषानं, आजीला पावत्या वाचून दाखवल्या. इंग्लिश मीडियमची फी अशी वसूल झाली!
आईनं जेवताना एवढंच विचारलं, महिन्याले आठ हजार भेटते का मले? कागदावर, म्हणालो. ती तोंडावर पदर धरून हसली. दात गेल्यापासून तशीच हसते. मी अर्धी भाकर ताटात ठेवून उठलो.

२ फेब्रुवारी, सोमवार
पावत्या देवानंदच्या टेबलावर आपटल्या. शंका असेल तर मालकिणीला फोन लाव, म्हणालो. तो लावेल असं वाटलं नव्हतं. त्यानं लावला, तोही स्पीकरवर.
आईला मी काहीच पढवलं नव्हतं. तरी ती म्हणाली, भाडं देते ना तो. दर एक तारखेले हातात देते. माहा पोरगा कधी चुकत नाही.
जन्मात खोटं न बोललेली बाई. बाथरूममध्ये जाऊन उगाच तोंड धुतलं. लाज वाटली. अजून वाटून राह्यली.

१० फेब्रुवारी, मंगळवार
देवानंदनं पावत्या परत केल्या. म्हणे, एप्रिलमध्ये तुमीच टॅक्सची नवी रेजीम निवडली. तिच्यात भाड्याची सूट नसते. आणि तुमच्या साडेनऊ लाखांच्या पगारावर तिच्यात टॅक्सच लागत नाही.
मंग फोन काऊन लावला? तर म्हणे, तुमीच सांगितलं ना सर.
ऑफिस हसलं. हसू दे. त्यांनी आईचा आवाज ऐकला, ते जास्त लागलं.

रात्री
पावत्या फाडल्या. आईनं आवाज ऐकला. विचारलं, झाला का रे फायदा तुले?
हो, खूप झाला, म्हणालो. खरं सांगायची हिंमत नाही झाली. उद्याच दाताच्या डॉक्टरकडे चल, म्हणालो.
ती म्हणाली, घाई काऊन करतं बाबा? मार्च तर होऊ दे.