शेवटची खोली

शुक्रवार, ३ सप्टेंबर १९७१

मिळाली! जुन्या स्टोअरची खोली, चार खाटा, ऑक्सिजनचं एक सिलिंडर. दारावर पाटीसुद्धा लागली — 'अतिदक्षता विभाग'. मोठे डॉक्टर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत इथून एक तरी पेशंट चालत बाहेर जाऊ द्या, बाई. नाहीतर खोली परत स्टोअरला. आणि इथं नर्सेसना शिकवायचा तुमचा तो वर्गही विसरा." बघतेच आता!

रविवार, १२ सप्टेंबर

चर्चमधून परस्पर वॉर्डात. तीन पेशंट आले, तिघेही गेले. अगदी शेवटच्या घटकेला आणतात, मी डॉक्टर असले तरी काय करू? बाहेर बसलेले नातेवाईक या खोलीला 'शेवटची खोली' म्हणतात. पाटी कोण वाचतंय!

आया साळूबाईनं आज विचारलं, "बाई, वर्ग निघाला तर मी बसू का? मागं बसंन." म्हटलं, तो नर्सेससाठी आहे, तू आपली फरशी बघ. तोंड एवढंसं झालं तिचं. पण मी चुकीचं काय बोलले?

मंगळवार, १४ सप्टेंबर

सकाळी तिसगावहून टेम्पोत घालून कारभारीला आणलं. तिशीचा गडी. खाली झोपला होता, मण्यार चावली. पापण्या पडलेल्या, श्वास बंद होत आलेला. बायको मुक्ताबाई दारात आडवी — "त्यांला नगा नेऊ या खोलीत!" नेलंच. विषावरचं सिरम दिलं, घशात नळी घातली, रबरी पिशवी दाबायला सुरुवात केली. यंत्र कुठलं, हातच! मी, सिस्टर फिलोमिना, आणि आम्ही दोघी पुऱ्या पडेनात तेव्हा साळूबाई. दाबायचं, सोडायचं. तिला एकदाच दाखवावं लागलं.

बुधवार, १५ सप्टेंबर

अजून दाबतोय. नाडी आहे, बाकी काही नाही. साळूबाई दाबता दाबता त्याच्याशी गप्पा मारते! तिसगावचा बाजार, बाजरीचं पीक, तिच्या शेळीची करडं. मला हसू आलं. ऐकायला आहे कोण?

दुपारचं लिहीत नाही.

गुरुवार, १६ सप्टेंबर

बोट हललं!! उजव्या हाताचं. संध्याकाळी पापणी अर्धी उघडली, मग आपला आपण श्वास घ्यायला लागला. फिलोमिना रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

बुधवार, २२ सप्टेंबर

चालत गेला! स्वतःच्या पायांनी, पायरी उतरून! मुक्ताबाई मागून त्याचं धोतर सावरत होती. मोठे डॉक्टर व्हरांड्यात उभे. म्हणाले, "वर्ग सुरू करा, बाई. प्रमुख तुम्हीच. आणि ही केस पुण्याच्या परिषदेत मांडा."

भाषणाचं पहिलं वाक्य तयारही झालं — 'आम्ही एक क्षणही आशा सोडली नाही.' छान वाटतंय. दहा वेळा म्हणून पाहिलं.

शुक्रवार, १ ऑक्टोबर

कारभारी तब्येत दाखवायला आला. सहज विचारलं, त्या दोन दिवसांतलं काही आठवतं का रे?

"समदं. डोळं उघडत नव्हतं, पर कान चालू हुतं. बुधवारी दुपारी तुमी डोळ्यात बॅटरी मारली. म्हनल्या, बाहुल्या हलत न्हाईत, मेंदू गेला याचा, सोडा आता पिशवी. तवा साळूबाई म्हनली — माजा हात अजून दुखत न्हाई, बाई. तुमी जेवून या."

हसत सांगितलं त्यानं. राग नव्हता.

हो. म्हणाले होते मी. आणि जेवूनही आले.

पुण्याच्या भाषणाचं पहिलं वाक्य खोडलं.

उद्या वर्गाचा पहिला तास. तो साळूबाई घेईल. मी मागं बसेन.