मोठ्या बाईंची ताई

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुझ्याशीच बोलावंसं वाटतंय, कारण सकाळपासून मला एका जागी बसवत नाहीये. तुझ्या पक्षाची मंडळी येऊन गेली. जिल्हा परिषदेला आपल्या गटातून या वेळी बाईमाणूस उभं करायचंय, आणि ती तुझीच लेक हवी म्हणे. उद्या उत्तर द्यायचंय. फोनवर बॅनरचा नमुनाही दाखवला. वर तुझा फोटो, खाली माझा, मध्ये ‘ताईंचा वारसा’. ते ‘ताई’ वाचूनच माझं डोकं फिरलं.

तू शाळेच्या मोठ्या बाई होतीस. शाळेत मीही तुला बाईच म्हणायचे. चुकून ‘आई’ निघालं तर वर्ग हसायचा, तू मात्र हसायची नाहीस. मुदतीआधी निवृत्ती घेऊन तू निवडणुकीला उभी राहिलीस, तेव्हा पोशीरला टेंपोवरचा कार्यकर्ता “आपल्या लाडक्या ताई” म्हणून ओरडत होता. भर रस्त्यात तू त्याच्या हातातून माइक काढून घेतलास. “ताई नाही. बाई.” कडावला तर कहरच. तिथला दूधवाला, तुझा जुना विद्यार्थी, तुला बघून ताडकन उठला. “बाई, तुमी कशाला आलात? आमालाच बोलवायचं ना!” हात जोडायचे सोडून तू त्याला म्हणालीस, “आधी शर्टाची बटणं लाव.” कार्यकर्त्याने कपाळावर हात मारून घेतला. “अवो बाई, मतं मागाया आलोय आपण, तपासणीला नाय!” दूधवाल्याने मात्र बटणं लावली, आणि अख्ख्या आळीने तुला मतं दिली. मी तेव्हा तुझ्यावर जाम खूश होते. ही काही बदलायची नाही, असं मला वाटलं होतं.

पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात, तसं तुलाही यायला लागलं. अजून डोळ्यांपुढे आहे, तू दुसऱ्यांदा निवडून आली आहेस, आपण शिळफाट्याला भाजी घेतोय. पलीकडून तुझी एक जुनी विद्यार्थिनी कडेवरचं पोर सांभाळत हाक मारते, “बाई! ओ बाई!” तू वळत नाहीस. मग ड्रायव्हर हळूच म्हणतो, “ताई, गाडी आणलीय,” आणि तू लगेच वळतेस, हसतेससुद्धा. ती पोरगी तशीच उभी राहते, आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

त्या संध्याकाळी तू मोड आलेले वाल सोलत बसली होतीस आणि मी भांडायलाच आले. शाळा सोडून ही कसली हौस? मला वाटलं, रस्ते, पाणी, पोरींचं शिक्षण, भाषणातलंच काहीतरी ऐकवशील. तू मान वर न करता म्हणालीस, “आवडतं गं मला. शाळेत घंटा झाली की सगळी घरी जातात. इथे माझी वाट बघत माणसं बसलेली असतात.” मला तुझी लाज वाटली. कामं तू केलीस, कोणी नाही म्हणणार नाही, पण ते वाक्य मला कायम टोचत राहिलं.

आणि आता बघ. मंडळी गेल्यापासून मी तो बॅनर पुन्हा पुन्हा उघडून बघतेय. तुझा नाही गं, माझा फोटो. मघाशी माझी लेक समोर येऊन उभी राहिली. “आई, तुला हे खरंच हवंय का?” मी म्हटलं, “लोकांची कामं होतात, बाळा.” ती आत निघून गेली.

तू निदान मला खरं सांगितलं होतंस.