दोघींत एक पट्टा

४ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला रडू फुटतं आणि मागून आत्या ओरडते, काय झालं, काय झालं. म्हणून लिहितेय. पत्रात रडलेलं दिसत नाही.

बातमी अशी की मला आतल्या भिंतींवरून काढून बाहेरच्या रंगकामावर घेतलंय. म्हणजे झुल्यावर. गच्चीवरून दोन दोरांना टांगलेली लोखंडी फळी, तिला कमरेएवढा कठडा आणि त्यात आम्ही दोघी. माझ्या जोडीला अक्का आहे. खोलीत शेजारच्या खाटेवर झोपते ती, जिच्या घोरण्याबद्दल मागे लिहिलं होतं. दिवसा मात्र मुक्यासारखी असते, आणि हात असा की भिंतीवर ब्रशचा माग राहत नाही.

वरून सगळं फार सुंदर दिसतं, हे आत्याला वाचून दाखवा. पुढचं तुमच्यासाठी. तुमचा जन्म परांच्या बांधण्यात गेला, तुमच्यापासून काय लपवणार! इथलं सगळं सामान पुरुषांच्या मापाचं आहे. हेल्मेट डोळ्यांवर येतं. बूट एवढे मोठे की आधी मी पोचते, मागून बूट येतात. पुढे चिंध्या कोंबल्यात. हातमोज्यांची बोटं माझ्या बोटांपुढे लोंबतात. आणि खांद्यांवरून, छातीवरून, मांड्यांभोवती येणारा तो सुरक्षेचा पट्टा कितीही आवळला तरी मांड्यांवरून गुडघ्यापर्यंत घसरतो. स्टोअरकीपरला सांगितलं तर म्हणाला, पट्टा सगळ्यांना एकच, माणसं लहानमोठी निघाली त्याला कंपनी काय करणार?

असं चालतं का हो बाबा? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. खरं तेच लिहा.

काठीशिवाय अंगणात उतरू नका. तुमची माया आहेच, थोडी पत्रातून पाठवत जा.

तुमची,
भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आत्यानं अर्ध्यावर माझ्या हातातून ओढून घेतलं, कारण माझा चेहरा पाहून तिला वाटलं कोणी गेलं. मग तिनं ते सगळं मला मोठ्यानं वाचायला लावलं.

तू विचारलंस, असं चालतं का. नाही चालत. पोरी, सैल पट्टा घालून माणूस पडला तर पट्टा थांबतो, माणूस थांबत नाही. हात वर जातात, खांद्याचे पट्टे उतरतात आणि शेंगेतून दाणा निसटावा तसा माणूस निसटतो. मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या वेळी तर नुसता कमरेचा पट्टा असायचा. त्यानं माझा जीव वाचवला आणि कंबर मोडली. त्या कमरेसकट मी आज खाटेला टेकून तुला लिहितोय.

नीट वाच आणि अक्कालाही सांग. मांडी आणि पट्टा यांच्यामध्ये सपाट हात सरकला पाहिजे, पण मूठ जाता कामा नये. पाठीवरची कडी दोन्ही खांद्यांच्या मधोमध बसली पाहिजे, कमरेकडे उतरली की समज माप चुकलं. छातीचा पट्टा छातीवरच, गळ्याशी नाही. सैल पट्ट्याला गाठी मारायच्या नाहीत, कापून शिवायचा नाही, शिवण उसवलेली किंवा रंगानं कडक झालेली दिसली तर घालायचाच नाही. जाकीट आत, पट्टा बाहेर. आणि वर जायच्या आधी एखाद्या तुळईला अडकवून जमिनीपासून वीतभर वर लटकून बघायचं. तिथं अंग घसरलं तर वरही घसरणार. पट्ट्याचा हूक झुल्याला लावायचा नाही, गच्चीवरून सोडलेल्या वेगळ्या दोराला लावायचा. झुलाच गेला तर त्याला बांधलेला माणूसही त्याच्याबरोबर जातो. बुटांतल्या चिंध्या आजच काढून टाक, चिंध्यांवर पाय ठरत नाही. लोंबत्या बोटांचा हातमोजा कप्पीत सापडला तर हात घेऊन जाईल.

मापाचं सामान मिळेपर्यंत वर जाऊ नकोस. काम सोड म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण इथली चूल तुझ्या हातावर पेटते. आणि रेटत नाही म्हणून माझी मलाच चीड येते. लगेच दोन ओळी टाक.

तुझा जीव तो आमचा जीव, एवढं ध्यानात ठेव.

तुझा,
बाबा


१७ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

सगळं करून पाहिलं. स्टोअरकीपर म्हणाला, पट्टा मोठा नाही, तूच वाळकी आहेस, दोन घास जास्त खा. सगळे हसले. मीही हसले, काय करणार. मग सुपरवायझरकडे गेले. तो हसला नाही, ते जास्त वाईट वाटलं. तो म्हणाला, तुझं बरोबर आहे, पुढच्या मागणीत लहान मापाचे पट्टे लिहितो. पुढची मागणी कधी, तर ही इमारत झाल्यावर. तोवर वर जायचं नसेल तर नको जाऊस, पण मग खोलीही रिकामी कर, खोली वर जाणाऱ्यांसाठी आहे. सकाळी फाटकापाशी कामाला उभ्या असलेल्या बायकांची रांग त्यानं मला नुसती बोटानं दाखवली.

बूट मात्र अक्कानं मिळवले. शेजारच्या बांधकामावरच्या एका ठेंगण्या कारागिरानं आपले जुने दिले, टाच हलत नाही, बोटांना मोकळीक आहे, टोकाचं लोखंड शाबूत आहे. हेल्मेटच्या आतली पट्टी आवळून मी हनुवटीखालचा बंद नवा लावला. हातमोजे काढूनच टाकले.

आणि एक पट्टा सापडला! स्टोअरच्या कोपऱ्यातल्या ढिगात, तळाशी. एक बारीकसा मुलगा होता म्हणे, काम सोडून गेला, त्याचा. शिवण पक्की, रंगाचा थेंब नाही. संध्याकाळी आम्ही जिन्याखालच्या तुळईला अडकवून लटकलो, आधी मी, मग अक्का. दोघींना असा बसला की जणू मापं घेऊन शिवलाय. अक्का वीतभर वर लटकून गंभीर चेहऱ्यानं गोल फिरत होती. एवढी हसले मी, बाबा, की पोट दुखलं.

पण पट्टा एक आणि आम्ही दोघी. म्हणून पाळ्या लावल्यात. एक दिवस तिला, एक दिवस मला. ज्या दिवशी मोठा पट्टा माझ्या अंगावर असतो त्या दिवशी मी भिंतीखेरीज कुठंच बघत नाही. बोलतही नाही. ब्रश हातातून सुटेल इतके हात घामेजतात. रात्री झोप लागली की स्वप्नात पडते आणि जागी होते. हे आत्याला वाचून दाखवू नका.

तुमच्या चार ओळींची वाट पाहते. रागावलात तरी लिहा.

तुमची,
भिंगरी


२२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू मला वाईट माणूस म्हण. तो पट्टा तू एकटीनं घाल. तुला सापडला, तू घाल. अक्काचं अक्का बघेल. तिला मुलंबाळं असतील, तिचा कोणी म्हातारा बाप तिच्यासाठी देव पाण्यात ठेवून बसला असेल, मला सगळं कळतं. कळूनसुद्धा लिहितोय. मला दुसऱ्या कोणाची लेक दिसत नाही. मला तूच दिसतेस, त्या फळीवर, घसरत्या पट्ट्यात.

आत्या म्हणाली, असलं लिहू नकोस, पाप आहे. मी म्हटलं, पाप माझ्या माथी. तुझं पहिलं पत्र आल्यापासून मी सुपरवायझरला तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. स्वतः यायला निघालो होतो, आत्याला न सांगता. थांब्यापर्यंत पोचलो आणि कमरेनं असा दगा दिला की दोन अनोळखी माणसांनी उचलून घरी आणलं. आता आत्यानं काठीच लपवलीय. मी काय करू सांग. एवढं आयुष्य लोकांच्या पायाखाली फळ्या पक्क्या करण्यात गेलं, आणि माझ्या पोरीच्या पायाखाली काय आहे ते मला इथून हात लावून बघता येत नाही.

ताप आलाय सांग. पाय मुरगळलाय सांग. काहीही सांग, पण मोठा पट्टा घालून वर जाऊ नकोस.

हात जोडतो. बाप लेकीपुढे हात जोडतो, आता तरी ऐक.

तुझा,
बाबा


२ एप्रिल

आदरणीय दादांना,
सा. न. वि. वि.

अक्षर परकं पाहून घाबरू नका. भिंगरी जिवंत आहे. हे पहिलं वाचा, मग पाणी प्या, मग पुढचं वाचा.

मी अक्का. तिला सध्या लिहिता येत नाही आणि फोनवर रडू फुटेल म्हणते, म्हणून मी लिहितेय. उजवा हात दुखावलाय. बाकी ती शुद्धीत आहे, बोलते, मला चिडवते. दवाखान्यात आहे, आज उशी मागितली आणि मिळाल्यावर नको म्हणाली.

सोमवारी सकाळी झुल्याचा एका बाजूचा दोर सुटला. फळी उभी झाली. डबे, ब्रश, सगळं खाली. तुमच्या सांगण्यावरून दोघींचे हूक वेगळ्या दोरांना होते, म्हणून आम्ही दोघी लटकलो. माझा पट्टा मला धरून राहिला. तो दिवस तिच्या मोठ्या पट्ट्याचा होता. तिचे मांडीचे पट्टे गुडघ्यांवरून निघून गेले, छातीचा गळ्याशी आला, एक खांदा उतरला आणि ती एका काखेवर अडकून राहिली. माझ्याकडे बघत होती नुसती.

मी भिंतीला पाय मारून झोका घेतला. पहिल्यांदा हाताला आली नाही. दुसऱ्यांदा मी तिचं जाकीट पकडलं आणि दोन्ही पायांनी तिच्या कमरेला विळखा घातला. मला पट्टा बसला होता म्हणून माझे दोन्ही हात मोकळे होते, दादा. नाहीतर मी तिला धरलं असतं की स्वतःला? मी तिला म्हणत होते, श्वास घे, मोठ्यानं घे, मला ऐकू येऊ दे. खालच्या मजल्यावरच्या माणसांनी खिडकीची चौकट तोडली आणि आम्हाला आत ओढलं. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. माझे पाय त्यांना सोडवावे लागले, माझे मला सुटेनात.

तुम्ही काय लिहिलं होतं ते तिनं मला पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, बाप बरोबर बोलतो, रोज तूच घाल. ती म्हणाली, पाळी म्हणजे पाळी. मला दोन लेकी आहेत, दादा. त्यांच्यासाठी मीही हेच लिहिलं असतं, म्हणून मनाला लावून घेऊ नका.

डॉक्टर म्हणतात, काखेतली नस दबलीय. हात कधी उचलता येईल ते आत्ताच सांगता येत नाही. तुमच्यापासून लपवू नको असं तिनं बजावलंय.

आपली ओळख अशी व्हायला नको होती. झाली आहे तर राहू द्या.

आपली,
अक्का


७ एप्रिल

धाकट्या बहिणीसमान अक्काबाईंना,
स. न. वि. वि.

पाणी प्यालो. मग वाचलं. मग पुन्हा वाचलं. आत्या माझ्या शेजारी बसून पदर तोंडात धरून ऐकत होती.

तुमच्या पायांना मी नमस्कार करतो. तुम्ही वयानं लहान आहात, तरी करतो. मी ज्यांच्याकडे पाठ फिरवायला सांगितली, त्यांनीच माझी लेक धरून ठेवली. मनाला लावून घेऊ नका म्हणता, पण काही गोष्टी मनाला लागूनच राहिलेल्या बऱ्या.

एक मागतो. आता कोणतीच बाई त्या पट्ट्यांत वर जाणार नाही असं करा. तुम्ही स्वतःही नाही. कसं करायचं ते मला इथून सुचत नाही. आणि तिच्या हाताला रोज कोमट शेक द्या, बोटं हलवायला लावा, रडली तरी लावा.

या घराचं दार तुमचं समजा.

तुमचा,
दादा


२३ एप्रिल

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

हे डाव्या हातानं आहे, म्हणून अक्षर बघून हसा. उजव्या हाताची बोटं मिटतात आता. हात वर जात नाही. जाईल की नाही विचारलं तर डॉक्टर म्हणतात, काही महिने थांबून बघू.

मी दवाखान्यातून खोलीवर आले त्याच दिवशी अक्कानं तुमचं पत्र रंगकामाच्या सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी कोणीच वर गेली नाही. फाटकाबाहेरच्या रांगेतून तीन बायका आत बोलावल्या, अक्कानं त्यांना माझ्या खाटेपाशी आणलं, त्यांनी माझा हात बघितला आणि त्याही जमिनीवर बसल्या. मग काही पुरुषही बसले. सुपरवायझरनं आधी आवाज चढवला, मग फोन लावला.

दोन दिवसांत पट्टे आले, बाबा. लहान, मध्यम, मोठे, खोकी भरून. लहान मापाचे बूट आणि हातमोजेही. दोन दिवसांत. म्हणजे ते आधीही येऊ शकत होते. सगळ्या हसत खोकी उघडत होत्या आणि मी खाटेवर पडून एवढी रडले की अक्कानं सगळ्यांना बाहेर काढलं. ते रडणं हाताचं नव्हतं.

मग उठले. प्रत्येकीला तुळईला लटकवून बघितलं, मांडीच्या पट्ट्यात माझा डावा हात सरकवून. दोघींचे परत करायला लावले. ते स्टोअरकीपरनंच बदलून आणून दिले. खोली हात बरा होईपर्यंत माझीच राहील असं अक्कानं सगळ्यांसमोर वदवून घेतलंय. पिशवी उचलता आली की मी थोडे दिवस घरी येते.

आज अक्का पुन्हा वर गेली. दोर नवे आहेत, पट्टा तिच्या मापाचा आहे, मीच आवळलाय. तरी मला वर बघवेना. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर झुल्याची सावली पडली होती, तीच बघत मी दिवसभर खाली बसून राहिले. तिला जेवायला हाक मारायचंही सुचलं नाही. संध्याकाळी सावली हळूहळू खाली यायला लागली. ती जमिनीला टेकेपर्यंत मी उठले नाही.

आत्याला हे सगळं वाचून दाखवा. आता काही लपवायचं नाही.

तुमची,
भिंगरी